गाडी पुसणे चालू आहे

बुधवारी सकाळी आमच्या गाडीच्या काचेवर एक गुलाबी कागद चिकटवलेला दिसला. मला वाटलं गादीवाल्याची जाहिरात असेल. माझा चष्मा घरी राहिलेला, म्हणून वॉचमनला म्हटलं, "जरा वाच बरं काय लिहिलंय."

वॉचमन माझ्याच वयाचा, पण मला काका म्हणतो. नोकरीच्या ठिकाणी सगळ्यांना काका म्हटलं की भांडणं होत नाहीत, असं त्याचं म्हणणं. तो खाकरला आणि वाचायला लागला. "सदर वाहन तीस दिवसांहून अधिक काळ एकाच जागी उभे असल्याने बेवारस समजण्यात येत आहे..."

"कोण बेवारस?"

"गाडी, काका."

"अरे, मालक तुझ्यासमोर उभा आहे ना, जिता-जागता?"

"मी नुसतं वाचतोय. रविवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत वाहन स्वतःच्या इंजिनावर गेटाबाहेर जाऊन परत न आल्यास उचलून नेण्यात येईल व पार्किंगची जागा कमिटीच्या ताब्यात जाईल. खाली अध्यक्षांची सही आहे."

आता माझं ऐका. गाडी जुनी आहे, कबूल. रंग मूळचा कुठला होता यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. पण बेवारस? त्या गाडीत आमची बायको आठवड्यातून दोनदा लोकरीची पोती आणते आणि विणलेले स्वेटर दुकानात पोचवते. गाडी ती चालवते. मी शेजारी बसून माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत असतो. महिन्यापूर्वी चौकात बॉनेटमधून वाफ यायला लागली, उष्णतेचा काटा तांबड्यात गेला आणि गाडी ढकलत घरी आणली. तेव्हापासून ती लोकरीची पोती रिक्षात मांडीवर घेऊन आणते आणि आल्यावर माझ्याशी बोलत नाही. जागा गेली तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर तिचं काम गेलं. एवढा साधा हिशोब होता.

गॅरेजवाल्याला आणून दाखवलं होतंच. त्यानं बॉनेट उघडलं, पंप हलवून बघितला आणि हळहळल्यासारखी मान हलवली. "पाण्याचा पंप गेलाय. थर्मोस्टॅटही अडकलाय. काका, एवढ्या जुन्या गाडीवर मी हात नाही घालणार. भंगारात द्या."

त्याला कुणाशी बोलतोय ते माहीत नव्हतं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण पाणीखात्यात अडतीस वर्षं व्हॉल्व्हमन होतो, लोकांच्या भाषेत चावीवाला. अर्ध्या शहराचं पाणी या दोन हातांनी सोडलं आणि बंद केलं. पंप, पाइप, व्हॉल्व्ह, गळती, यातच माझे केस पांढरे झाले. आणि गाडीचं इंजिन म्हणजे तरी काय? लहानसं शहरच की! टाकी वर, पंप मध्ये, पाइप इकडून तिकडे. थर्मोस्टॅट म्हणजे आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह, बटाट्याएवढा. मी बायकोला सांगितलं, "घरीच बसवतो."

ती म्हणाली, "बरं." बायकोचं 'बरं' किती प्रकारचं असतं ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

पण आधी अध्यक्षांना भेटायला गेलो. दारातच म्हटलं, गाडी दुरुस्त करतो, चार दिवस कुणी तिला हात लावू नका.

अध्यक्ष आधी कुठल्यातरी कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून घरात सुद्धा खिशाला दोन पेनं लावून बसतात. ते म्हणाले, "पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई आहे. नियम बारा."

"मग दुरुस्ती कुठं करू?"

"गेटाबाहेर."

"गेटाबाहेर जायला गाडी चालू पाहिजे."

"मग चालू करा."

"कुठं?"

"गेटाबाहेर."

असं आम्ही तीन वेळा फिरलो. शेवटी मी विचारलं, "पार्किंगमध्ये करायला परवानगी कशाला आहे?"

त्यांनी नियमांची वही काढली, बोट फिरवलं. "वाहन आत आणणे. बाहेर नेणे. पुसणे."

"पुसणे?"

"कोरड्या फडक्याने."

"किती वेळ पुसायचं, त्याला काही मर्यादा?"

त्यांनी वही उलटीपालटी केली. मर्यादा नव्हती. मी नमस्कार करून निघालो. मागून म्हणाले, "चावीवाले, उगाच हट्ट करू नका. माझ्या जावयाला त्या जागेची फार गरज आहे." म्हणजे हे असं होतं. गाडी बेवारस नव्हती, जागेला वारस मिळालेला होता.

गुरुवारी सकाळी मी खांद्यावर पिवळं फडकं टाकून खाली उतरलो. हातात पान्यांची पेटी. वॉचमन रजिस्टर उघडून बसलेला. त्याला सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गाडीची नोंद करावी लागते.

"काका, काय लिहू?"

"गाडी पुसणे चालू आहे."

"आणि ही पेटी?"

"फडक्यांची आहे."

त्यानं लिहिलं. चांगला माणूस. मी खाली सतरंजी घातली, रेडिएटरच्या बुडाखालची तोटी सैल केली, बादलीत हिरवं पाणी काढलं. पट्टा सोडवला, तो फिरवणारी पुली उतरवली. मग पंपाचे पाच बोल्ट. आता हे नीट ऐका, पुढं महाभारत यावरूनच झालं. हे पाच बोल्ट एका लांबीचे नसतात. एक बोटभर, तीन पेराएवढे, एक मधलाच. ज्या भोकाचा जो, त्यालाच तो. लांब बोल्ट आखूड भोकात घुसवला तर त्याचं टोक आतल्या भिंतीला टेकतं आणि इंजिनच तडकतं. मला हे माहीत होतं. म्हणून मी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणला आणि प्रत्येक बोल्ट जसा निघाला तसा, जिथला तिथं, एकेका खळग्यात ठेवला. इतकं व्यवस्थित काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. शाळेत विज्ञान शिकवायचे. हात पाठीमागे बांधून वाकले. "काय करताय?"

"पुसतोय."

"पंप काढून?"

"मागून पुसायचा होता."

मास्तर शेजारी स्टूल टाकून बसले ते रविवारपर्यंत उठले नाहीत असं म्हटलं तरी चालेल. उष्णता कशी वाहते, पाणी का उकळतं, सगळं त्यांनी मला समजावलं. मधून मधून प्रश्नही विचारायचे आणि मी चुकलो की "बसा खाली" म्हणायचे. मी सतरंजीवर आडवाच होतो, अजून किती खाली बसणार?

जुना पंप निघाला तेव्हा त्याचा दांडा हलत्या दातासारखा डुलत होता. तो आणि टोपणाखालून काढलेला थर्मोस्टॅट पिशवीत घालून मी सुट्या भागांच्या दुकानात गेलो. तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "मॉडेल बदलायच्या आधीचं का नंतरचं?"

"कधी बदललं?"

"ते मला काय माहीत, गाडी तुमची."

"मग मला कसं माहीत, दुकान तुमचं."

पंप काउंटरवर ठेवला, तर म्हणतो नमुना बघून माल देत नाही, नंबर लागतो. नंबर कुठं? पंपावर. पंपावर कुठं? गंजाखाली. मी काउंटरवरच पिवळ्या फडक्यानं पंप घासायला बसलो. मागे रांग लागली. नंबर दिसला तेव्हा रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या कौतुकाच्या नव्हत्या.

घरी आलो तर बायको खूश दिसली. महिन्यात पहिल्यांदा. म्हणाली, "अहो, तुमचे ते खिळे किती घाण होते. मी सगळे रॉकेलमध्ये धुतले."

"खिळे नाहीत, बोल्ट. धुतले ते बरं झालं. परत ट्रेमध्येच ठेवलेस ना?"

"हो. आणि नीट लावूनही ठेवले. लहानापासून मोठ्यापर्यंत."

मी ट्रेकडे बघितलं. पंपाचे पाच, थर्मोस्टॅटच्या टोपणाचे दोन, पुलीचे चार, सगळे अकरा जण शाळेच्या रांगेसारखे उंचीनं उभे. चकचकीत. तिचं तरी काय चुकलं? ती तीस वर्षं सुया, बटणं आणि दोरे असेच लावत आली. तिच्या कपाटात चुकीच्या जागी ठेवलेलं बटण स्वतःहून उठून जागेवर जाईल.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. फार सुंदर लावलेस."

"खोटं बोलताय. डाव्या भुवईवरून कळतं मला."

मग सांगितलं. ती ऐकून घेऊन आत गेली. मला वाटलं आता रडणार. ती विणायची सुई घेऊन बाहेर आली, ट्रे उचलून तशीच खाली उतरली, आणि इंजिनाच्या एकेका भोकात सुई टेकेपर्यंत घालून, अंगठ्यानं खूण धरून, ट्रेमधल्या बोल्टाला लावून बघायला लागली. त्यात पंपाची जाडीही धरायला लागते, ती तिनं मी सांगायच्या आधीच मोजून टाकली होती. पाऊण तासात अकराच्या अकरा बोल्ट आपापल्या भोकांना मिळाले. मास्तर स्टुलावरून म्हणाले, "वा! खोली मोजण्याची उत्तम पद्धत." बायको म्हणाली, "बाही मोजतो तशीच मोजली."

वॉचमननं विचारलं, "काकूंचं काय लिहू?"

"त्या पण पुसताहेत," मी म्हटलं.

शुक्रवारी मास्तरांनी हट्ट धरला की नवा थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय बसवायचा नाही. बरोबरच होतं. मी स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात जुना आणि नवा दोन्ही सोडले. मास्तरांनी घरून काचेचं लांब थर्मामीटर आणलं. आम्ही दोघं पातेल्यावर वाकलेलो, दोघांचे चष्मे धुरकट झालेले. मास्तर आकडे सांगत होते. सत्तर. पंच्याहत्तर. ऐंशी. नव्यानं हळूच तोंड उघडलं, झोपेतून जांभई दिल्यासारखं. जुना मात्र पाणी उकळलं तरी तोंड मिटून बसलेला. आम्ही दोघं इतके आनंदलो की बायको मागे उभी आहे ते कळलंच नाही.

"ते दुधाचं पातेलं आहे," ती म्हणाली.

मास्तरांनी थर्मामीटर गपचूप पाठीमागे लपवलं. साठीच्या माणसाला मी पहिल्यांदा शाळकरी मुलासारखं उभं राहिलेलं बघितलं.

शनिवारी जोडणी. जुनं गॅस्केट, म्हणजे गळू नये म्हणून मधे बसवायचा पातळ पुठ्ठा, ब्लेडनं खरवडून काढलं, नवं लावलं, पंप बसवला, समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळत गेलो. मग थर्मोस्टॅट. त्याच्या एका बाजूला स्प्रिंग असते. मास्तर म्हणाले, "स्प्रिंग कुठल्या बाजूला येणार?"

आता हा प्रश्न मला? व्हॉल्व्हबद्दल? मला? मी म्हटलं, "मास्तर, उष्णता तुमची, व्हॉल्व्ह माझा. पाणी जिकडं जायचं तिकडं स्प्रिंग." आणि बसवला. टोपण लावलं, पाणी भरलं, पट्टा चढवला. बायकोनं चावी फिरवली. एका झटक्यात इंजिन चालू! वॉचमन खुर्चीवरून उठला. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकली. मी हात हलवून सगळ्यांना शांत राहायला सांगितलं, जरी कुणी बोलत नव्हतं.

आठव्या मिनिटाला काटा हलला. दहाव्या मिनिटाला तांबड्यात. बाराव्या मिनिटाला बॉनेटच्या फटीतून वाफ.

"काका," वॉचमन म्हणाला, "पुसताना एवढी वाफ येते?"

अध्यक्ष खाली आले. बरोबर जावई, हातात मोजपट्टी. त्यांनी आमच्या जागेची लांबी मोजली, माझ्यादेखत, गाडी तिथं उभी असताना. अध्यक्ष म्हणाले, "चावीवाले, प्रत्येकानं आपापली पायरी ओळखावी. नळ वेगळा, गाडी वेगळी."

लोक पांगले. मास्तर सुद्धा स्टूल घेऊन वर गेले, तेव्हा समजलो की मामला गंभीर आहे. बायको स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होती. म्हणाली, "जाऊ द्या आता. मी रिक्षानं आणेन पोती."

ते ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. तिच्यावर नाही. मोजपट्टीवर. मी म्हटलं, "तू बस तिथंच." अर्धा तास गाडी थंड होऊ दिली. मग जे अडतीस वर्षं केलं तेच केलं: पाइपांना हात लावत गेलो. पाणी कुठपर्यंत पोचलं हे पाइप सांगतो, माणसं नाही. इंजिनाकडचा भाग अजून चांगलाच तापलेला. रेडिएटरकडं जाणारा वरचा पाइप गारढोण. म्हणजे गरम पाणी पुढं गेलंच नव्हतं. व्हॉल्व्ह उघडलाच नाही. काल पातेल्यात उघडत होता आणि इथं नाही, याचा अर्थ...

गरम पाणी लागून तोंड उघडतं त्याचं, आणि ते गरम पाणी स्प्रिंगच्या बाजूला असतं. मी त्याची पाठ इंजिनाकडं केली होती. अर्ध्या शहराला पाणी सोडणाऱ्या माणसानं एक व्हॉल्व्ह उलटा बसवला होता. बटाट्याएवढा. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

बायको खाली उतरली, वाकून बघितलं. "उलटं बसलंय का हो?"

"तपासतोय."

"बरं." हे 'बरं' वेगळं होतं. तिनं पाना पुढं केला.

रविवारी दहा वाजता गेटाशी गाड्या उचलणारा ट्रक येऊन उभा राहिला. दोन माणसं साखळी काढून तयार. अर्धी इमारत खाली. मास्तर स्टुलासकट. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मी आदल्या संध्याकाळी सगळं परत बसवून गाडी चालवून बघितली होती का? नाही. पुन्हा काढताना टोपणाचं गॅस्केट फाटलं, म्हणून लुकण लावलं होतं, ते वाळायला अख्खी रात्र लागते. पहिली आणि शेवटची परीक्षा एकच.

बायकोनं चावी फिरवली. गाडी जागेवरून हलली, महिन्याच्या धुळीत चाकांचे चार डाग सोडून निघाली, आणि गेटाबाहेर पडली. मी काट्याकडं बघत होतो, रस्त्याकडं नाही. काटा वर सरकला. सरकतच राहिला. माझा हात दाराच्या कडीवर घट्ट बसला. काटा बरोबर मध्यावर आला.

आणि थांबला.

"थांबला," मी म्हटलं.

"कोण?"

"काटा. आता वळ, परत जाऊ."

"आत्ताच?" ती म्हणाली. "महिनाभर मी रिक्षात पोती घेऊन बसले होते." आणि तिनं गिअर टाकला. पुलावरून गेलो, पेट्रोलपंपाला वळसा घातला, लोकरीच्या दुकानासमोरून, दुकान बंद असताना, मुद्दाम हळू गेलो. काटा मध्यावर. पावणेअकराला परत गेटाशी.

आणि आमच्या जागेत जावयाची गाडी उभी. नवी कोरी, पांढरी. आम्ही येणार नाही याची इतकी खात्री!

मी काही बोलायच्या आत बायकोनं आमची गाडी सरळ पुढं नेली, त्या पांढऱ्या गाडीच्या बरोबर मागं आडवी लावली, इंजिन बंद केलं, चावी पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

ट्रकवाला जवळ आला. "उचलायची कुठली? ही तर चालती आहे."

वॉचमन रजिस्टर छातीशी धरून म्हणाला, "दुसऱ्याच्या जागेत लावलेली गाडी पण उचलायची, असा नियम आहे. नियम चौदा." ट्रकवाल्यानं पांढऱ्या गाडीकडं बघितलं आणि साखळी खांद्यावर घेतली. फेरी फुकट घालवायची त्याची तयारी नव्हती.

अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला. "अहो चावीवाले, गाडी काढा मागून! जावयाला बाहेर पडू द्या!"

"आत्ता नाही हलवता येणार," बायको शांतपणे म्हणाली. "इंजिन गरम आहे. घरात दुरुस्त केलेली गाडी. थंड व्हायला मंगळवार उजाडेल."

"मंगळवार?"

"काल तुम्हीच बघितलीत की वाफ," मी म्हटलं. "नळवाल्यानं केलेलं काम. कसा भरवसा ठेवायचा?"

ट्रकच्या क्रेनचा हुक आमच्या गाडीवरून पांढऱ्या बंपरपर्यंत आला. जावई "बाबा, काहीतरी करा" म्हणत घायकुतीला आला. अध्यक्षांनी आमच्या गाडीचं दार उघडून आत डोकं घातलं. "चावी फिरवा! मला काटा बघू दे!"

बायकोनं पर्स उघडली, सावकाश, चावी लावली आणि अर्धी फिरवली. अध्यक्ष डॅशबोर्डवर नाक टेकवून बघत होते. मग बाहेर आले आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असे ओरडले, "गरम नाहीये! काटा मध्यावर आहे! गाडी एकदम उत्तम आहे!"

मास्तर स्टुलावरून उठले.

मी कानामागे हात धरला. "काय म्हणालात साहेब? मला जरा कमी ऐकू येतं."

"गाडी उत्तम आहे," ते म्हणाले.

"मागच्या गॅलरीपर्यंत नाही पोचलं."

"गाडी उत्तम आहे!"

मग आम्ही गाडी काढली. लगेच नाही. बायको वर जाऊन दोन कप चहा घेऊन आली, आम्ही दोघं तो बॉनेटला टेकून प्यायलो, आणि मग काढली.